सज्ञान अठराव्या वर्षी, सोहळा मात्र विसाव्या वर्षी

जानेवारीचा दुसरा सोमवार आला की जपानमधले फोटो दरवर्षी जगभर फिरू लागतात. जवळजवळ घोट्यापर्यंत लोंबणाऱ्या बाह्यांचे किमोनो घातलेल्या मुली, सूट नाहीतर हाकामा (पारंपरिक घोळदार पोशाख) घातलेले मुलगे, आत महापौरांचं भाषण आणि सभागृहाबाहेर फोटोंसाठी झुंबड. हा तिथला सज्ञान दिन. १९४८ च्या कायद्यानं ठरलेली ही राष्ट्रीय सुट्टी विशीत पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींसाठी होती.

१ एप्रिल २०२२ ला जपाननं सज्ञान होण्याचं वय २० वरून १८ वर आणलं. आता अठराव्या वर्षी मोबाइलचा करार करता येतो, क्रेडिट कार्ड काढता येतं, आईवडिलांची सही लागत नाही. (दारू आणि सिगारेटची अट मात्र २० चीच राहिली.) मग सोहळाही दोन वर्षं अलीकडे यायला हवा होता. तो आला नाही. बहुतेक नगरपालिकांनी तो विसाव्या वर्षीच ठेवला आणि फक्त नाव बदलून 'विशीचा मेळावा' असं काहीतरी केलं. कारण अगदी व्यवहारी होतं: अठरा वर्षांच्या मुलांच्या जानेवारीत विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षा असतात, तेव्हा किमोनो कोण नेसणार?

म्हणजे त्या सभागृहात बसलेला प्रत्येक जण कागदोपत्री दोन वर्षांपूर्वीच मोठा झालेला असतो. तरीही हजारो घरं वेळ आणि पैसा खर्चून हा दिवस साजरा करतात. कायद्यानं जे आधीच दिलं, ते सोहळा पुन्हा कशाला देतो?

स्थित्यंतर विधी म्हणजे काय?

माणूस एका सामाजिक अवस्थेतून दुसरीत जाताना समाज जे विधी करतो, त्यांना मानवशास्त्रात स्थित्यंतर विधी म्हणतात. बारसं, मुंज, बाप्तिस्मा, लग्न, राज्याभिषेक, पदवीदान, अंत्यसंस्कार हे सगळे त्यात येतात. एरवी यांचा एकमेकांशी काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे हे ठळकपणे दाखवलं ते अर्नोल्ड व्हान गेनेप यांनी, १९०९ साली.

हे गृहस्थ जर्मनीत जन्मले, फ्रान्समध्ये वाढले, आणि त्यांना फ्रेंच विद्यापीठांनी कधी आत घेतलं नाही. स्वित्झर्लंडमध्ये नोकरी मिळाली, पण पहिल्या महायुद्धात स्विस तटस्थतेवर टीका केली म्हणून तिथूनही हाकललं गेलं. जन्मभर दारांच्या बाहेर राहिलेल्या माणसानं दारांचा सिद्धांत मांडावा, हा योगायोग मला फार आवडतो.

त्यांनी समाजाची तुलना एका मोठ्या घराशी केली. घरात अनेक खोल्या: बालपण, तारुण्य, विवाह, वैधव्य, मृत्यू. एका खोलीतून दुसरीत जायचं तर आधी पहिलीतून बाहेर पडावं लागतं, मग उंबरठा ओलांडावा लागतो आणि मग नव्या खोलीत कुणीतरी 'ये' म्हणावं लागतं. जगभरच्या विधींची वर्णनं शेजारी शेजारी ठेवली तेव्हा त्यांना हाच तीन पायऱ्यांचा क्रम दिसला. पहिली पायरी तोडण्याची, दुसरी अधांतराची आणि तिसरी जोडण्याची. तपशील हजार तऱ्हेचे असतात. केस कापतील, नाव बदलतील, घराबाहेर काढतील, तोंड झाकतील, उपास घडवतील. पण यातली प्रत्येक कृती या तीनपैकी कुठल्या ना कुठल्या पायरीवर बसते.

म्बाशे नदीच्या काठी

हे नुसतं ऐकून कळत नाही, म्हणून एक विधी जवळून पाहू.

१९३४ साली, दक्षिण आफ्रिकेत म्बाशे नदीच्या काठी खोसा समाजातल्या सव्वीस मुलांना एकत्र आणलं गेलं. त्यांच्यात एक सोळाव्या वर्षातला मुलगा होता, नेल्सन मंडेला. गावापासून लांब गवताच्या झोपड्या उभारल्या होत्या. ही झाली तोड: आई नाही, घर नाही, नेहमीचे कपडे नाहीत.

सुंता करणारा वृद्ध भाल्याच्या पात्यासारखं हत्यार घेऊन ओळीनं पुढे सरकत होता. पातं फिरलं की मुलानं ओरडायचं, 'न्डियिन्डोडा!', म्हणजे 'मी पुरुष आहे!' कण्हायचं नाही, डोळे मिटायचे नाहीत. मंडेलांनी पुढे आत्मचरित्रात लिहिलंय की वेदना इतकी होती की ओरडायचं भान यायला काही क्षण गेले आणि त्याची त्यांना लाज वाटली. इतर मुलं आपल्यापेक्षा धीट वाटली. ज्या माणसानं सत्तावीस वर्षं तुरुंगात काढली त्याला म्हातारपणीही ते काही क्षण आठवत होते.

मग अधांतर. अंगभर पांढरी माती फासलेली मुलं जखमा भरेपर्यंत झोपडीत राहिली. सगळी सारखीच दिसत होती. राजघराण्यातला कोण आणि गुराख्याचा पोर कोण, मातीच्या थराखालून ओळखू येत नाही. मंडेलांना याच विधीत नवं नावही मिळालं, दालिबुंगा.

शेवटी माती नदीत धुतली, अंगाला लाल गेरू लावला, आणि झोपड्या आतल्या सामानासकट पेटवून दिल्या. मागे वळून बघायचं नाही असा दंडक होता. मंडेला मात्र पाहायला गेलेच. तिथे राखेचे ढीग होते.

जोडणीच्या दिवशी गावानं त्यांचं स्वागत केलं. मंडेलांना भेट म्हणून दोन कालवडी आणि चार मेंढ्या मिळाल्या. त्यांची स्वतःची अशी ही पहिली मालमत्ता. त्या दिवशी आपण वेगळेच, ताठ चालत होतो असं ते सांगतात. आणि मग मुख्य वक्ता उठला, मेलिग्किली नावाचा सरदार, आणि त्यानं सगळ्या आनंदावर पाणी ओतलं. तो म्हणाला, पुरुष झालात म्हणता, पण आपण जिंकली गेलेली माणसं आहोत, स्वतःच्याच देशात गुलाम आहोत. हे पुरुषत्व पोकळ आहे. मंडेलांना तेव्हा त्याचा राग आला. त्याचं म्हणणं पटायला वेळ लागला.

त्या भाषणाचं महत्त्व मला जखमेपेक्षा जास्त वाटतं. एका सरदारानं पहिल्यांदा या मुलांशी राजकारण बोललं. आदल्या महिन्यात तो त्यांच्याशी असं बोलला नसता. विधीनं मुलगा किती बदलला हे सांगणं कठीण आहे, पण त्याच्याशी इतरांनी कसं वागायचं हे मात्र त्या दिवसापासून बदललं.

जपानच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथेच आहे. कायदा हक्क देतो, पण ते कुणाच्या लक्षात येईलच असं नाही. विधी साक्षीदार तयार करतो. ज्यू धर्मात तर ही फारकत उघड आहे: मुलगा तेरा वर्षांचा झाला की धर्मनियम त्याला आपोआप लागू होतात, मग बार मित्झ्वाचा समारंभ करा किंवा करू नका. तरी समारंभ होतो, मुलगा सगळ्यांसमोर तोरा या धर्मग्रंथाचं वाचन करतो, आणि ज्यांनी ते ऐकलं ते उद्यापासून त्याला प्रार्थनेच्या गणसंख्येत मोजतात.

मधल्या पायरीवर घडतं तरी काय?

व्हान गेनेप यांच्या तीन पायऱ्यांपैकी मधलीवर खरं काम केलं ते व्हिक्टर टर्नर या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञानं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते सध्याच्या झांबियाच्या वायव्य भागात न्डेम्बू लोकांमध्ये राहिले. तिथे नव्या मुखियाला पद मिळण्याआधीची रात्र त्यांनी वर्णन केली आहे. त्याला आणि त्याच्या पत्नीला फाटकं फडकं नेसवून पानांच्या एका खोपटात बसवतात. मग लोक येतात आणि तोंडाला येईल ते बोलतात: तू स्वार्थी आहेस, रागीट आहेस, चोरटा आहेस. ज्याचा त्याच्यावर जुना राग असेल तो मनसोक्त ओकून घेतो. होणाऱ्या मुखियानं मान खाली घालून गप्प ऐकायचं. आणि मुखिया झाल्यावर यातल्या एकाही शब्दाचा वचपा काढायचा नाही.

टर्नर यांचा मुद्दा असा की मधल्या पायरीवर माणूस कुणीच नसतो. जुना हुद्दा गेलेला, नवा मिळालेला नाही. म्हणून त्याला नाव नसतं, मालमत्ता नसते, वेगळे कपडे नसतात. आणि त्याच अवस्थेतल्या इतरांशी त्याची एक विलक्षण जवळीक होते, जी एरवीच्या चढउतारांच्या समाजात होत नाही.

हज यात्रेतला इहराम बघा. पुरुष दोन न शिवलेली पांढरी वस्त्रं पांघरतात. अत्तर नाही, केस-नखं कापायची नाहीत, शिकार नाही, भांडण नाही. कारखानदार आणि हमाल एका वेशात. शेवटी केस उतरवले किंवा कापले की ही अवस्था सुटते. म्यानमारमधल्या शिन्ब्यू विधीत लहान मुलाला आधी राजपुत्रासारखं नटवून मिरवत नेतात आणि मग मुंडण करून भिक्षूचं वस्त्र देतात. सिद्धार्थानं राजवाडा सोडला ती गोष्ट त्याच्या अंगावर पुन्हा घडते. उपनयनातली मेखला, दंड आणि भिक्षापात्र याच घराण्यातले. मूळ कल्पनेत उपनयन ही तोड होती, गुरुगृहातली वर्षं म्हणजे अधांतर, आणि समावर्तनाचं स्नान म्हणजे परत जोडणं. आज उपनयन आणि समावर्तन पुष्कळदा एकाच दिवशी उरकतात. मधली बारा वर्षं दुपारच्या पंगतीआधी संपतात.

लष्करालाही हे गणित बरोबर कळलेलं असतं. अमेरिकी मरीन दलात भरती झालेल्याचं डोकं आधी भादरतात. मग त्याला 'मी' म्हणायला बंदी असते. स्वतःबद्दल बोलताना 'हा रिक्रूट' असं तृतीयपुरुषी बोलायचं. १९९६ पासून प्रशिक्षणाच्या शेवटी चोपन्न तासांची एक खडतर कसोटी असते, थोडी झोप, थोडं अन्न, लांब चाल. ती पार पडल्यावर बोधचिन्ह हातात ठेवतात आणि पहिल्यांदाच त्याला 'मरीन' म्हणतात. ओझं पाठीवरून उतरवल्यावर रडतात ती पोरं.

मेलेल्या माणसालाही उंबरठा लागतो?

लागतो. इथे ही कल्पना सगळ्यात उपयोगी पडते असं मला वाटतं.

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर तोराजा लोक राहतात. तिथे माणसाचा श्वास थांबला म्हणजे तो मेला असं होत नाही. त्याला 'आजारी' म्हणतात. देह जतन करून घरातच ठेवतात, त्याच्याशी बोलतात, त्याच्यापुढे जेवण ठेवतात. मोठा अंत्यविधी करायला पैसा आणि नातेवाईक जमायला लागतात, त्यात महिने जातात, कधी वर्षं. तो विधी सुरू झाला की मगच तो माणूस खऱ्या अर्थानं मृत. बाहेरच्याला हे भयंकर वाटतं. पण रोबेर एर्त्झ या फ्रेंच अभ्यासकानं १९०७ मध्येच, बोर्निओतल्या दायाक लोकांच्या दुहेरी दफनाबद्दल (आधी तात्पुरतं, मग कायमचं) लिहिताना, यातली मेख सांगून ठेवली होती: देह तात्पुरत्या जागी असतो तोवर त्याचे नातलगही तात्पुरत्या जगात असतात. दुसरं दफन दोघांनाही सोडवतं.

बाकीच्या धर्मांनी हेच दिवस मोजून केलं आहे. ज्यू घरात आधी सात दिवस, मग तिसाव्यापर्यंत, आईवडिलांसाठी वर्षभर. इस्लाममध्ये विधवेसाठी चार महिने दहा दिवस. हिंदूंमध्ये दहावं, बारावं, तेरावं. या काळात शोक करणाऱ्याकडून नेहमीच्या वागण्याची अपेक्षा नसते आणि काळ संपला की त्याला माणसांत परत बोलावतात. विधवेवर लादलेल्या बंधनांची दुसरी, क्रूर बाजू आहेच. पण 'आता किती दिवस रडायचं' हा प्रश्न शोक करणाऱ्यानं एकट्यानं सोडवायचा नसतो, एवढं तरी यात आहे.

२०२० मध्ये अनेक देशांत अंत्यविधीला मोजक्या माणसांनाच परवानगी होती. बाकीच्यांनी फोनच्या पडद्यावर पाहिलं. देहाची व्यवस्था झाली, नोंद झाली, दाखला मिळाला. ज्यांना त्या वेळी जाता आलं नाही त्यांच्यापैकी कित्येक जण अजून म्हणतात, तो गेलाय असं वाटतच नाही. दाखला असूनही वाटत नाही.

पण त्रास का द्यायचा?

ब्राझीलच्या ॲमेझॉनमधले सातेरे-मावे लोक मुलांच्या हातात विणलेले मोजे घालतात, आणि त्या मोज्यांत जिवंत मुंग्या गुंतवलेल्या असतात, नांग्या आतल्या बाजूला. जगातल्या सर्वाधिक वेदनादायी दंशांत या मुंगीचा दंश मोडतो. हे वाचून कुठलाही शहाणा माणूस विचारेल, याशिवाय जमत नाही का?

याचं एक उत्तर मानसशास्त्राकडे आहे. १९५९ मध्ये एलियट ॲरन्सन आणि जडसन मिल्स यांनी महाविद्यालयीन मुलींवर एक प्रयोग केला. एका चर्चागटात प्रवेश हवा तर काहींना पुरुष प्रयोगकर्त्यासमोर अश्लील मजकूर मोठ्यानं वाचावा लागला, काहींना सौम्य मजकूर आणि काहींना काहीच नाही. मग सगळ्यांना त्या गटाची ध्वनिमुद्रित चर्चा ऐकवली, जी मुद्दाम रटाळ केली होती. जिला सर्वाधिक अवघडून घ्यावं लागलं तिला चर्चा सर्वांत रंजक वाटली. ज्यासाठी सोसलं ते फालतू होतं, हे मानायला मन तयार होत नाही.

दुसरं उत्तर बघणाऱ्यांकडे आहे. स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके गावात जूनमध्ये निखाऱ्यांवरून चालण्याचा उत्सव असतो. हा काटेकोर अर्थानं स्थित्यंतर विधी नव्हे, पण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथे चालणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले. चालणाऱ्याचे ठोके आणि काठावर उभ्या असलेल्या त्याच्या नातलगांचे ठोके एका लयीत वरखाली होत होते. परक्या पाहुण्यांचे नव्हते. मॉरिशसमध्ये तमिळ हिंदूंच्या कावडी उत्सवावर २०१३ मध्ये आलेल्या अभ्यासात गालाला-पाठीला सळया टोचून डोंगर चढणाऱ्या भक्तांनी नुसती सामूहिक प्रार्थना करणाऱ्यांपेक्षा जास्त दान दिलं. आणि त्यांच्यासोबत चालत आलेल्या, स्वतः काही न टोचलेल्यांनीही.

पण म्हणून वेदना आवश्यकच आहे असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. अमेरिकेतल्या नावाहो या मूळनिवासी लोकांचा किनाल्डा हा मुलीच्या पहिल्या पाळीनंतरचा चार दिवसांचा विधी आहे. मुलगी पहाटे पूर्वेकडे धावते आणि दर खेपेला थोडं अधिक लांब जाते. एक जाणती बाई तिला झोपवून तिच्या अंगावरून हात फिरवते, जणू तिला नव्यानं घडवते. शेवटच्या रात्री जमिनीतल्या खड्ड्यात मक्याचा प्रचंड केक भाजला जातो, लोक रात्रभर गातात, आणि सकाळी ती मुलगी तो सगळ्यांना वाटते. दमणूक आहे, जागरण आहे, सगळ्यांच्या नजरा आहेत, पण जखम नाही. किंमत मोजावी लागते एवढं खरं; ती रक्तानंच मोजली पाहिजे असं कुठेच ठरलेलं नाही.

मग रॅगिंगसुद्धा स्थित्यंतर विधीच की!

रॅगिंग करणारे हेच म्हणतात, आणि बाहेरून पाहिलं तर साम्य आहे: तोड आहे, अपमान आहे, रात्र आहे. पण आत पाहिलं की फरक कळतो. विधी चालवतो तो हे सगळं ज्याच्या डोळ्यांदेखत अनेकदा घडलंय असा जाणता माणूस, आणि मुलाचं काही बरंवाईट झालं तर समाज त्याला जाब विचारतो. रॅगिंग चालवतो तो एका वर्षानं मोठा असलेला पोरगा, दार लावून. विधीला शेवट असतो आणि तो आधीपासून सगळ्यांना माहीत असतो. रॅगिंग कधी थांबणार हे समोरच्याच्या लहरीवर. न्डेम्बू मुखियाला शिव्या देतात त्या तो वर चढणार म्हणून. तो चढल्यावर शिव्या देणारे त्याच्यापुढे वाकतात. पहिल्या वर्षाच्या मुलापुढे कोण वाकतं?

खऱ्या विधीत सगळं आलबेल असतं असं मात्र नाही. मंडेलांनी जो विधी केला त्यात दक्षिण आफ्रिकेत आजही दर हंगामात मुलं दगावतात: जखम चिघळून, पाणी पिऊ न दिल्यामुळे, मारहाणीत. बेकायदा दीक्षाशाळा पैशासाठी निघतात, जाणत्यांची जागा पोरसवदा माणसं घेतात. तिथल्या सरकारनं २०२१ मध्ये खास कायदा करून शाळांची नोंदणी सक्तीची केली आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना मनाई केली. विधीवर बंदी घातली नाही, कारण घातली असती तर तो रानात आणखी आत गेला असता.

हे मुळात मुलग्यांचं आणि वरच्यांचंच नाही का?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. व्हान गेनेप यांचा तीन पायऱ्यांचा आराखडा मुलग्यांच्या विधींवर चपखल बसतो, मुलींच्या विधींवर तितका नाही, असं धर्म-अभ्यासक ब्रूस लिंकन यांनी १९८१ मध्ये दाखवलं. मुलगा गावाबाहेर जातो. मुलीला बहुधा घरातच कोंडतात, तिच्यावर दागिने, रंग, गोष्टी चढवतात आणि मग बाहेर आणतात. तिला कुठे पाठवतच नाहीत.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दियू यांचा घाव त्याहून खोल आहे. १९८२ मध्ये त्यांनी विचारलं, तुम्ही सगळे विधीच्या आधी आणि नंतर यांतली रेघ बघता. पण ज्यांचा विधी होणार आणि ज्यांचा कधीच होणार नाही, यांच्यातली रेघ कोण बघतो? सुंता झालेला मुलगा न झालेल्या मुलापासून वेगळा होतो, हे दिसतं. तो सगळ्या बायकांपासून कायमचा वेगळा होतो, हे कुणी बोलत नाही. उपनयनाचं उदाहरण घेतलं तर हे लख्ख दिसतं. धर्मशास्त्रांनी ब्राह्मण, क्षत्रिय आणि वैश्य मुलांसाठी आठ, अकरा, बारा अशी वयं नेमून दिली. त्या यादीत मुली नाहीत आणि बहुसंख्य समाजही नाही. तो विधी मुलाला 'द्विज' करतो तेव्हा त्याच श्वासात उरलेल्यांना 'तुम्ही नव्हे' असं सांगत असतो.

ही रेघ हलवताही येते. १९२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ज्युडिथ कॅप्लन या बारा वर्षांच्या मुलीनं सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, उभं राहून वाचन केलं. अमेरिकेतला पहिला जाहीर बात मित्झ्वा, म्हणजे मुलीचा बार मित्झ्वा, म्हणून तो ओळखला जातो. तिला तोराच्या गुंडाळीजवळ जाऊ दिलं नव्हतं. थोडं अंतर ठेवून तिनं छापील पुस्तकातून वाचलं. आज अनेक पंथांत मुली थेट गुंडाळीतून वाचतात.

याहून अवघड प्रश्न मुलींच्या जननेंद्रियांच्या छेदनाचा. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार २३ कोटींहून अधिक स्त्रिया-मुली यातून गेल्या आहेत. केनियातल्या थाराका भागात १९९६ मध्ये काही कुटुंबांनी एक वेगळी वाट काढली: 'शब्दांनी केलेली सुंता'. मुलींना आठवडाभर एकत्र ठेवायचं, वडीलधाऱ्या बायकांनी शरीर, लग्न, जबाबदारी याबद्दल शिकवायचं आणि शेवटी गावजेवण, गाणी, भेटी. एकांत तोच, स्वागत तेच, पातं नाही. ही पद्धत सगळीकडे सारखी यशस्वी झाली नाही. जिथे आधी आया, बाप आणि गावातली तरुण मुलं यांच्याशी बोलणं झालं होतं तिथे ती रुजली. जिथे बाहेरून येऊन नुसता कार्यक्रम घेतला गेला, तिथे मुलींना प्रमाणपत्र मिळालं आणि गाव मात्र त्यांना मोठं मानेना.

ज्यांना विधीच नाही त्यांचं काय?

आजच्या आयुष्यात विधी कमी झालेत असं म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. तिसरी पायरी उलट फुगली आहे: फोटो, हॉल, केक, भाषणं. मधली पायरी गेली. पदवीदानाचा झगा दोन तासांसाठी भाड्यानं मिळतो.

आणि दुसरीकडे अशी कितीतरी माणसं आहेत जी मधल्याच पायरीवर राहतात. मतदान अमुक वर्षी, गाडी तमुक वर्षी, नोकरी मिळेल तेव्हा, घर कधीतरी. मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० साली अठरा ते पंचवीस या वयाला आयुष्याचा एक वेगळाच टप्पा मानावं असं सुचवलं, कारण या वयातल्या पुष्कळ जणांना 'तू मोठा झालास का?' असं विचारलं तर ते 'हो आणि नाही' असं उत्तर देतात. टर्नर यांच्या भाषेत हे अधांतरच. फक्त झोपडी जाळायचा दिवस कुणी ठरवलेला नाही.

घटस्फोटाचंही असंच. लग्नाला दोनशे माणसं येतात. ते मोडतं तेव्हा न्यायालयाचा कागद येतो आणि पुढच्या समारंभात या बाईला कुठे बसवायचं हे कुणालाच कळत नाही. गर्भपात झालेल्या आईला तर कागदही मिळत नाही. जपानमध्ये त्यासाठी 'मिझुको कुयो' आहे. न जन्मलेल्या बाळासाठी मंदिरात जिझोची, म्हणजे मुलांचा रक्षक मानल्या जाणाऱ्या बोधिसत्त्वाची, लहानशी मूर्ती ठेवतात, तिला लाल टोपडं किंवा लाळेरं घालतात. या प्रथेचा प्रसार मुख्यतः १९७० च्या दशकातला. काही मंदिरांनी बायकांच्या अपराधभावावर पैसा केला अशी टीकाही झाली, ती रास्त आहे. तरी त्या मूर्तींच्या रांगा वाढत गेल्या, कारण तिथे निदान उभं राहायला जागा होती.

मग नवा विधी बनवता येतो?

धर्माला वगळून बनवता येतो का, हा खरा प्रश्न. नॉर्वेत १९५१ पासून चर्चमधल्या दृढीकरणाऐवजी (मुलांना चर्चचे पूर्ण सदस्य करून घेण्याच्या विधीऐवजी) धर्मनिरपेक्ष समारंभ घेता येतो. पंधरा वर्षांच्या आसपासची मुलं आधी काही महिने नीतिमत्ता, हक्क, टीकात्मक विचार यांचे वर्ग करतात आणि मग समारंभ होतो. म्हणजे मधली पायरी त्यांनी सांभाळली.

पूर्व जर्मनीची गोष्ट जास्त चमत्कारिक आहे. तिथल्या कम्युनिस्ट सरकारनं १९५४ मध्ये युगेन्डवाइहे म्हणजे 'तारुण्यदीक्षा' हा विधी पुन्हा सुरू केला. तो मूळचा एकोणिसाव्या शतकातल्या स्वतंत्र विचारवाद्यांचा. सरकारनं तो चर्चशी लढायला वापरला. चौदा वर्षांच्या मुलांनी समाजवादी राष्ट्राला निष्ठेची शपथ द्यायची. न दिल्यास पुढच्या शिक्षणाचं जड जाई, त्यामुळे १९८० च्या दशकापर्यंत जवळपास सगळेच देऊ लागले. हा जुलमाचा विधी होता यात शंका नाही.

१९९० मध्ये ते राष्ट्रच उरलं नाही. ज्याला शपथ द्यायची तेच गेलं, सक्ती गेली, फायदाही गेला. विधी मात्र गेला नाही. शपथ तेवढी गळाली. पूर्वेकडच्या राज्यांत आजही चौदा वर्षांची मुलं वसंत ऋतूत नव्या कपड्यांत मंचावर जातात, कुणीतरी भाषण करतं, फूल आणि पुस्तक मिळतं, आणि संध्याकाळी घरी आजीआजोबा, मामा, शेजारी जमतात. तिथल्या शिक्षकांची जुनी रीत अशी की या समारंभानंतर मुलांना एकेरीत हाक मारायची नाही. सोमवारी वर्गात आल्यावर त्यांना 'तुम्ही' म्हणायचं.